बाबांची दबलेली नस आणि प्रीगाबालिनची गुंगी: अनुभव हवेत

नमस्कार. बाबा ६७ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. दोन वर्षांपासून कंबरेतून उजव्या कुल्ल्यात आणि तिथून पोटरीत कळ उतरते. करंट बसल्यासारखी. अंगठ्याला सतत मुंग्या. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ मधली गादी सरकून नस दबलेली दिसली. पायात ताकद आहे, लघवी-संडासवर ताबा आहे, म्हणून सर्जन म्हणाले ऑपरेशनची घाई नको.

डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळीने क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.५ वर गेलं, ती बंद केली. मग रात्री प्रीगाबालिन (नसेच्या दुखण्याचं औषध) ७५ मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-१२) एकत्र असलेली कॅप्सूल सुरू झाली. आठवड्याभरात बाबा सलग पाच तास झोपले. आईने देवापुढे साखर ठेवली.

पुढे तीच कॅप्सूल सकाळीही द्यायला सांगितली आणि तिथून बिनसलं. सकाळी चहाचा कप हातात तसाच राहतो, डोळे मिटलेले. घोट्यांवर सूज. (बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आहे, तिनेही घोटे सुजतात, त्यामुळे नक्की कशाने हे कळत नाही.) गेल्या गुरुवारी पहाटे बाथरूमला जाताना तोल गेला. नशिबाने हाड वाचलं. डॉक्टरांना फोन केला तर "सवय होईल". पण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनी मंद असेल तर डोस कमी ठेवतात ना? बाबांचं क्रिएटिनिन त्यांच्याच फाइलमध्ये आहे.

घाबरून बाबांनी एक दिवस स्वतःच दोन्ही कॅप्सूल घेतल्या नाहीत. रात्रभर घाम आणि टक्क जागे. मेडिकलवाल्या काकांनी बजावलं, ही अशी एकदम तोडायची नसते, निदान आठवडाभर हळूहळू उतरवायची, तीही डॉक्टरांना विचारून. आता परत दोन वेळा चालू आहे.

वाचताना एक गोष्ट समोर आली, तेव्हापासून डोकं चालेना. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सायटिकाच्या (बाबांसारखी कंबरेतून पायात उतरणारी कळ) २०९ रुग्णांपैकी काहींना प्रीगाबालिन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. पायाच्या दुखण्यात फरक पडला नाही, चक्कर मात्र प्रीगाबालिनवाल्यांना जास्त. मग बाबांना लागलेली झोप दुखणं कमी झाल्याची होती की नुसती गुंगीची?

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. किडनी थोडी मंद असताना डोस कितीवर ठेवला होता? याऐवजी नॉरट्रिप्टिलिन (नसेच्या दुखण्यावर देतात ती दुसरी गोळी) सुचवली गेली आहे, पण बाबांना प्रोस्टेटमुळे लघवी अडखळत होते, त्याने ते वाढेल अशी धास्ती वाटते. ड्युलोक्सेटिन, अशीच आणखी एक गोळी, कोणी घेतली आहे का? जास्त दुखलं की घ्यायला ट्रामाडॉल घरात आहे, ती ड्युलोक्सेटिनसोबत चालत नाही असं ऐकलंय. बाबा बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिनवर आहेत, तिने बी-१२ कमी होऊ शकतं, पण ते कधीच तपासलं नाही. कॅप्सूलमध्ये ते असताना आता तपासून खरा आकडा कळेल का?

आणि यासाठी न्यूरोलॉजिस्ट गाठावा की पेन क्लिनिक? आम्ही सांगलीत असतो, मिरज-कोल्हापूरपर्यंत सहज जाऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता आम्ही काहीही बदलणार नाही, पण या वेळी नीट प्रश्न घेऊन जायचं आहे.