मकाम रास्तचा गंधार आधी खटकला, आता पेटीचा खटकतो

दादरचा पेटीवाला:
मी बारा वर्षे पेटी वाजवतो. दीड महिन्यापूर्वी एका मित्राने ऊद या अरबी तंतुवाद्यावर वाजवलेल्या मकाम रास्तचे (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखे) कैरोचे ध्वनिमुद्रण पाठवले. त्यातला गंधार ना आपला कोमल ना शुद्ध, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना वादकाची तार उतरली असावी असेच मला वाटले. तरीही दादर-चर्चगेट प्रवासात रोज तेच ऐकत राहिलो आणि तिसऱ्या आठवड्यात तो गंधार जागच्या जागी वाटू लागला. अडचण पुढेच आहे. आता संध्याकाळी पेटी उघडली की तिचा शुद्ध गंधार मला चढा लागतो. हा कान तयार होतो आहे की बिघडतो आहे?

श्रुतिवेडा:
बिघडलेला नाही, पेटीचा गंधार चढाच असतो. सेंट हे स्वरांतले अंतर मोजायचे एकक. सप्तकाचे १२०० सेंट बारा समान भागांत वाटले की शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो, तर षड्जाशी कंपनांचे ५:४ हे गुणोत्तर असलेला नैसर्गिक गंधार ३८६ सेंटवर असतो. हे चौदा सेंट आपण बारा वर्षे ऐकतच होतात, फक्त तुलनेला दुसरे काही नव्हते. अरबी पद्धतीत सप्तकाचे चोवीस समान भाग धरले तर रास्तचा गंधार ३५० सेंटवर, म्हणजे ३१६ चा कोमल आणि ३८६ चा शुद्ध यांच्या जवळजवळ मधोमध येतो. लहानपणापासून घडलेल्या कानात प्रत्येक स्वराचा एक खण असतो. मध्येच पडलेला स्वर कान आधी शेजारच्या खणात ढकलतो आणि तिथे तो मावत नाही म्हणून त्याला बेसूर ठरवतो. पुरेसे ऐकले की नवा खण तयार होतो. जाता जाता एक गंमत: तुर्की सिद्धांतात सप्तकाचे ५३ बारीक भाग, म्हणजे कॉमा, मानतात आणि रास्तचा गंधार सतराव्या कॉमावर, सुमारे ३८५ सेंटवर येतो. तो इस्तंबूलचा रास्त आपल्याला पहिल्याच दिवशी खटकला नसता.

गिरगावची तानपुरेवाली:
आकड्यांशी माझे भांडण नाही, पण 'खण' मला पटत नाही. दरबारी रागाचा गंधार कुठल्याही एका आकड्यावर थांबत नाही, तो आंदोलनात, म्हणजे हळुवार झुलत असतो आणि तरीही चुकला की आपल्याला तत्काळ कळते. म्हणजे आपला कान स्वर नुसता मोजत नाही, तो कुठून आला आणि कुठे निघाला हेही पाहतो. मी विद्यार्थिनींना पेटी बंद करायला सांगते, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेखाली जवारीचा, म्हणजे तारेला गुंजणारा नाद देणारा, दोरा केसभर सरकवते आणि त्या तारेतून न छेडता आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ऐकू येईपर्यंत गप्प बसवते. कुणाला दहा मिनिटे लागतात, कुणाला दोन महिने. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती मला अतिरेकीच वाटते. पण पेटीच्या ठरीव सुरांबद्दलची त्यामागची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

गणिती:
ऐकून सवय होणे आणि ऐकून आवडणे या दोन गोष्टी आपण एकच धरत आहोत. बोलेन-पीअर्स या कृत्रिम स्वरमांडणीत आपले सप्तकच नाही: ३:१ या अंतराचे तेरा समान भाग, प्रत्येक सुमारे १४६ सेंटांचा. बर्कलीतल्या संशोधकांनी श्रोत्यांना त्या स्वरांतल्या धुना साधारण अर्धा तास ऐकवल्या. ज्यांनी पुष्कळ वेगवेगळ्या धुना ऐकल्या, त्यांना पूर्वी न ऐकलेली पण त्याच नियमांची धूनही ओळखता आली. ज्यांनी मोजक्याच धुना पुन्हा पुन्हा ऐकल्या, त्यांना त्या धुना अधिक आवडू लागल्या. पेटीवाले, आपण सहा आठवडे एकच ध्वनिमुद्रण ऐकले आहे. रास्त कळला की ती एक चीज पाठ झाली, हे दुसरा वादक ऐकल्याशिवाय ठरणार नाही.

दादरचा पेटीवाला:
काल रात्री कैरोच्याच दुसऱ्या वादकाचा रास्त ऐकला. सुरुवातीला गंधार पुन्हा खटकला, पण तो वादक तिसऱ्यांदा षड्जावर उतरला तेव्हा मी त्याच्या आधीच मनात तो गंधार घेतला होता आणि त्याची तार नेमकी तिथेच वाजली. तानपुरा मात्र घरात नाही. कपाटावरची जुनी श्रुतिपेटीच तेवढी आहे.

गिरगावची तानपुरेवाली:
श्रुतिपेटीचा उपयोग नाही, तिला जवारी नसते. रविवारी सकाळी या.