लागूंचा मोठा मास्तर कुठला, ‘पिंजरा’तला की ‘सामना’तला?

पोवईनाका:
काल राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खाताना वाद पेटला, गाडे आवरायला लागले तरी मिटला नाही. म्हणून इथं आणतोय.

डॉ. श्रीराम लागू जन्मानं आपले सातारकर, १६ नोव्हेंबर १९२७. पण आपण मिरवतो कंदी पेढे. असो. प्रश्न एवढाच की पडद्यावरचं त्यांचं सगळ्यात मोठं काम कुठलं? ‘नटसम्राट’ नाटक आहे, ते बाजूला ठेवा. नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादाला धागा संपेल.

माझं मत ‘पिंजरा’ (१९७२). एकाच नटाला तिथं तीन माणसं व्हायचं होतं. पहिला, अख्खं गाव ज्याला टरकून असतं आणि जो तमाशाचा फड गावात टिकू देत नाही, तो मास्तर. दुसरा, तमासगीर चंद्रकलेच्या नादानं हातातली छडी जाऊन तुणतुणं आलेला फडातला गडी. आणि तिसरा सगळ्यात अवघड. गाव समजतंय मास्तरांचा खून झाला, त्यांचा पुतळा उभा केलाय, आणि त्याच खुनाचा आरोप या जिवंत मास्तरावर. खरं बोललं तर जीव वाचेल पण पुतळा पडेल. तो बोलत नाही. स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातो. आणि हा माणूस तीनच वर्षांपूर्वी, १९६९ साली, कान-नाक-घशाची डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झालेला! याच्यावर कोण काय दाखवणार?

गांधीमैदान:
नटसम्राट. विषय संपला.

पोवईनाका:
काका, वरचा नियम वाचा की जरा.

हरिपूरकर:
दादा, सांगलीकराला नाटक बाजूला ठेव म्हणताय म्हणजे कमाल आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्याकडं. पण ठेवलं बाजूला.

मी ‘सामना’वाला. ‘पिंजरा’तला मास्तर आपल्या डोळ्यांदेखत पडतो. ‘सामना’तला पडूनच गावात येतो. फरक इथंच आहे. पडणं दाखवायला नटाला मदतीला सगळे येतात: शंकर पाटलांचे संवाद, खेबुडकरांची गाणी, राम कदमांची ढोलकी, शांतारामबापूंचा रंगीत पडदा. पण पडून वर्षं झालेला माणूस दाखवायचा तर जवळ काय असतं? आपलं अंग आणि आवाज. ‘सामना’ तर कृष्णधवल, म्हणजे लपायला रंगसुद्धा नाही. लागू तेव्हा पन्नाशीलासुद्धा पोचले नव्हते, तरी तो म्हातारा शंभर टक्के म्हातारा वाटतो.

आणि दारू. आपले बहुतेक नट दारुडा करायचा म्हटलं की झोकांड्या खातात. मुरलेला दारुडा झोकांडी जाऊ नये म्हणूनच जीव काढत असतो. आमच्या गल्लीत असे एक जुने सर होते. चपलेत पाय घालायला त्यांना मिनिटभर लागायचं, पण एकदा घातला की ओळंब्यानं मापून घ्यावं असं सरळ चालायचे. आब राखायचा असायचा ना. लागूंच्या त्या मास्तरात मला कायम ते सर दिसतात.

उसाचा_फड:
तुम्ही दोघंबी चुकताय लगा. ‘सामना’ निळूभाऊ फुल्यांचा हाय. त्यातला साखर कारखानदार हिंदूराव धोंडे पाटील बघून आमच्या आज्यानं थेटरातच विचारलं हुतं, “ह्यो आपल्या कारखान्याचा का रं?” मास्तर समोर नुसता उभा ऱ्हायला. आवाज न चढवता, गोड बोलून माणूस कसा गिळायचा ते फुल्यांनी दाखवलं.

हरिपूरकर:
भाऊ, निळूभाऊंवर दुसरा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण नुसता उभा राहिला म्हणता ते पटलं नाही. हिंदूराव सगळं विकत घेऊ शकतो: गाव, पोलीस, बातमी, आणि दारू पाजून मास्तरसुद्धा. त्याला विकत घेता येत नाही तो एक प्रश्न, गावातनं गायब झालेल्या माणसाचा, “मारुती कांबळेचं काय झालं?” हे वाक्य आता आपण कुठंही फेकतो, रस्त्यातल्या खड्ड्यावरसुद्धा. पण सिनेमात पहिल्यांदा येतं तेव्हा ती घोषणा नसते. दारुड्याच्या डोक्यात अडकलेलं काहीतरी असतं. दर वेळी तेच शब्द आणि दर वेळी वजन थोडं वाढलेलं. तेंडुलकरांनी वाक्य लिहिलं असेल, पण वजन कुठं किती टाकायचं ते लागूंनी ठरवलं. समोर असा मास्तर आहे म्हणून तुमचा हिंदूराव आतून हलताना दिसतो. एकट्यानं कुस्ती होत नाही, पाव्हणं.

उसाचा_फड:
व्हय, कुस्तीचं पटलं. पण पट काढला फुल्यांनीच.

मिरजेची_सतार:
‘सामना’बद्दल एक जाताजाता. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, लागू डॉक्टर, मारुती कांबळे झालेले मोहन आगाशे तेही डॉक्टर. तीन डॉक्टर मिळून एकच पेशंट तपासतायत, आपला सहकार.

आता मुद्द्याचं. पोवईनाका, ‘पिंजरा’ मला बघवत नाही, आणि त्याचं कारण लागूच आहेत. मूळ गोष्ट हाइनरिश मान यांच्या जर्मन कादंबरीची, तिच्यावरून तिकडं ‘द ब्लू एंजल’ निघाला १९३० ला. तिथला प्रोफेसर हास्यास्पद होत जातो. आपल्याकडं मास्तर हुतात्मा होतो. बाईनं बिघडवला, नाहीतर देवमाणूस होता! लागूंनी तो इतक्या कळवळ्यानं केलाय की हा प्रश्न आपण विचारतच नाही. फड उठवला, पोटावर पाय दिला तो कुणी? मास्तरांनीच ना? माझी आजी वाईकडची. चैत्रात जत्रांना फड यायचे तेव्हा राहुटीतल्या बायका पाणी मागायला घरी यायच्या, त्यांना अंगणाच्या पुढं घेत नसत. आजी ‘पिंजरा’ बघून आली आणि म्हणाली, “मास्तराचा पुतळा झाला, तिचं काय झालं?” मारुती कांबळेच्या आधी हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेलाय.

पोवईनाका:
ताई, आजींना नमस्कार. गोष्टीतला दोष मान्य. पण दोष गोष्टीचा आहे, नटाच्या खात्यावर का टाकता? उलट मी म्हणेन, सुरुवातीचा मास्तर लागूंनी तुम्ही म्हणता तेवढा गोड ठेवलेला नाही. त्याच्या सोवळेपणात गर्व दिसतो, ताठ मान, दुसऱ्याचं न ऐकणारा आवाज. असला माणूस पडावा असं बघणाऱ्याला आतून वाटत असतं, आणि पडला की आपलीच लाज वाटते. हे दोन्ही एका प्रेक्षकाकडून काढून घेणं सोपं नाही.

मिरजेची_सतार:
गर्वाचं बरोबर आहे. पुन्हा बघेन तेव्हा त्या नजरेनं बघते. पण पुतळ्याचा राग जाणार नाही.

खंबाटकी:
‘सिंहासन’ कसं कुणी काढलं नाही? १९७९. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. दारू नाही, फाशी नाही. खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला माणूस, बास. मोठा नट छोट्या कामात कळतो.

गुळाचा_खडा:
तसं असेल तर ‘घरौंदा’ (१९७७) घ्या. मोदीशेठ. तरुण मुलीशी लग्न करणारा वयस्कर, श्रीमंत मालक म्हणजे दुसऱ्या कुणी खलनायक केला असता. लागूंनी त्याला एकटा माणूस केला. सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं त्याला. हिंदीत नंतर त्यांना रतीब घालायला लावला: वकील, बाप, न्यायाधीश, डॉक्टर. त्या ढिगातून मोदी वेगळा काढावा लागतो.

हरिपूरकर:
मोदीशेठला दुसरा नंबर द्यायला मी तयार आहे. पोवईनाका रागावतील.

पोवईनाका:
रागावलोच आहे. ‘पिंजरा’ तिसरा?

विवेक_साताऱ्याचा:
धागा थोडा वाकडा करतो. मी लागूंना पडद्यावर नंतर पाहिलं, आधी ऐकलं ते व्यासपीठावर. आपले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि लागू, दोघं मिळून विवेकजागराचे वादसंवाद करत गावोगाव फिरायचे. देव मानत नाही हे लागू भरल्या सभेत सांगायचे, तेही आवाज न चढवता. समोरचे चिडायचे, हे शांतपणे पुढचं वाक्य घ्यायचे. त्यानंतर ‘सामना’ बघितला तर वाटलं, हा माणूस अभिनय करतच नाहीये, हा असाच प्रश्न विचारतो.

आणि उसाचा_फड, तुमच्यासाठी: सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत हेच लागू आणि हेच निळूभाऊ एकत्र हिंडले, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. पडद्यावरचे मास्तर आणि हिंदूराव एका गाडीत.

पोवईनाका:
विवेकभाऊ, मग हा मुद्दा माझ्या बाजूचा झाला! जो माणूस मुळातच तसा आहे त्याला ‘सामना’ सोपा गेला. कुणापुढं मान न झुकवणाऱ्यानं ‘पिंजरा’त तुणतुणं धरून उभं राहायचं, ते अवघड.

विवेक_साताऱ्याचा:
हे सुचलं नव्हतं. पण स्वतःसारखं दिसणंही पडद्यावर सोपं नसतं, मोबाईलवर आपला व्हिडिओ काढून बघा.

हरिपूरकर:
मला वेगळंच दिसायला लागलंय. दोन्ही मास्तर एकमेकांसमोर ठेवा. एक खरं दाबून मरतो. दुसऱ्याला खरं दाबता येत नाही म्हणून तो जगायला लागतो. पहिल्याला गप्प बसायचं आहे, दुसऱ्याला गप्प बसवता येत नाही. दोघांच्या मधे फक्त दोन वर्षं, ‘पिंजरा’ १९७२ आणि ‘सामना’ १९७४. पहिला गावाच्या भल्यासाठी खोटं ठेवतो असं समजतो. त्याच गावात पुढं हिंदूराव निवडून येणार, आणि त्याला विचारायला कुणीतरी दारुडाच यावा लागणार. पुतळा काय विचारणार?

मिरजेची_सतार:
हरिपूरकर, ‘पुतळा काय विचारणार’ हे मी आजीच्या फोटोला सांगून आले.

पोवईनाका:
हे वाचून चहा गार झाला. तरी पहिला नंबर देत नाही. ‘पिंजरा’तल्या शेवटाला जे गप्प बसणं आहे त्यात मला ओरडणं ऐकू येतं, ‘सामना’त ते ओरडणं बाहेर आलंय एवढंच. आतलं अवघड. बरोबरीत सोडवू म्हणालात तर चालेल, सातारकर मोठ्या मनाचे असतात.

उसाचा_फड:
बरोबरीत कुस्ती सुटली की पैलवान दोघंबी शिव्या खात्यात. निकाल लावा.

हरिपूरकर:
निकाल रविवारी चौपाटीवर. मी सांगलीहून भडंग आणतो, पेढे तुमच्याकडं. लॅपटॉपवर दोन्ही सिनेमांचा शेवट लागोपाठ बघू, मग हात वर करून मतदान.

पोवईनाका:
ठरलं. आवाज न करता हात वर करायचा, मागच्या वेळी भेळवाल्यानं दम दिलाय.

अजिंक्यताऱ्याखालचा:
आत्ता वाचला धागा. ‘नटसम्राट’ कुणी घेतलं का अजून?