मियाटाला १५ इंची १९५/५० घ्या

मियाटाला कोणते टायर घ्यावेत, असं तुम्ही विचारलंत. तुमची माझदा मियाटा, ही छोटी दोन आसनी गाडी, १९९१ ची, म्हणजे पहिल्या पिढीतली. तिचे मूळचे टायर १८५/६० आर १४, म्हणजे १८५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची. तुम्हाला कुणीतरी १६ इंची रिमवर २०५/४५ सुचवलेत, ते मला अजिबात पटलं नाही.

साधा हिशोब करून बघा. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिमी, ही टायरच्या बाजूची उंची. ती दोनदा धरा, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिळवा, व्यास आला साधारण ५७८ मिमी. १५ इंचावर १९५/५० घेतलात तर ५७६, जवळजवळ तोच. २०५/४५ आर १६ मात्र ५९१ वर जातो. मीटर तेच १०० दाखवेल, पण गाडी मूळच्यापेक्षा दोन किमी जास्त वेगात असेल. शिवाय १.६ लिटरचं छोटं इंजिन उचल घेताना आणखी सुस्त वाटेल. इतक्या हलक्या गाडीला जड चाकं कशाला?

माझ्या गाडीला आधीच्या मालकाने रुंद टायर घातले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं प्लास्टिक घासायचं. बोट फिरवलं तर तिथे चकचकीत पट्टा पडलेला. १९५/५० घातल्यावर घासणं थांबलं, स्टिअरिंगही हलकं झालं.

अजून एक, कळकळीनं सांगतो. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१५ म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इतका जुना टायर बदलाच. अशा गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, रबर जागच्या जागी कडक होतं.