हालाँगची बोट: दुसऱ्या दिवशीची सकाळ, गुरुवारच्या आत सांगा

मेधा:
मंडळी, बोटवाल्याला गुरुवारी नावं आणि पासपोर्ट नंबर द्यायचेत. केबिन, वर्गणी, विमान सगळं मागच्या मेलमधलंच, ते पुन्हा विचारू नका. व्हिएतनामच्या सहलीत अडलंय एवढंच: दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतं तरंगतं कोळी गाव बघायचं, (अ) हालाँग उपसागरातलं वुंग व्हिएंग, की (ब) खाली लान हा उपसागराच्या बाजूचं 'काय बेओ' (हे गावाचं नावच आहे)? दोन्ही जमणार नाही. हालाँग क्वांग निन्ह प्रांतात, लान हा हाय फाँगच्या हद्दीत. बोटीचा परवाना एकाच मार्गाचा, असं तो म्हणतो. फक्त अ किंवा ब लिहा, कृपा करा.

प्रकाशकाका:
अ. कार्यक्रमपत्रिकेत छापून गेलंय, आता बदल कशाला? लँगकावीच्या वेळी आयत्या वेळी बेट बदललं आणि काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. शिवाय त्या बायका पायाने वल्ही मारतात ते मला बघायचंच आहे. आणि तितोव्ह बेट वगळू नये. १९६२ साली तो रशियन अंतराळवीर हो ची मिन्हबरोबर तिथे आला होता, म्हणून बेटाला त्याचं नाव. चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मी चढणार.

सचिन:
काका, पायाने वल्हवतात ते ताम कोकला. ते निन्ह बिन्हला, नदीत. हालाँगला हातानेच.

आता अ बद्दल. वुंग व्हिएंग, कुआ वान वगैरे वस्त्यांमधली तीनशेच्या वर कुटुंबं २०१४ साली सरकारने किनाऱ्यावर हा फाँगला घरं देऊन हलवली. आता तिथे मोत्यांची शेती आहे आणि पर्यटकांना बांबूच्या होडीतून फिरवतात. आमची होडी वल्हवणाऱ्या बाई सकाळी किनाऱ्यावरून कामाला आल्या होत्या, आपण ऑफिसला जातो तशा. पत्रिकेतलं 'तरंगत्या गावात कोळी कुटुंबासोबत चहा' कोणी लिहिलं माहीत नाही, पण ते कुटुंब बहुतेक पाच वाजता घरी जातं.

काय बेओला माणसं राहतात. माशांचे पिंजरे पूर्वीपेक्षा बरेच कमी केलेत, पण वस्ती आहे. आमची बोट जवळून गेली तशी लाट लागून सगळ्या फळ्या कुरकुरल्या. एक कुत्रा हातभर रुंद फळीवरून आमच्या वेगाने भुंकत धावला आणि फळी संपली तिथे अचूक थांबला. खांबाला नायलॉनच्या दोरीने दात घासायचा पेला बांधलेला होता, वाहून जाऊ नये म्हणून. ब.

प्रकाशकाका:
'कोणी लिहिलं' म्हणजे? मसुदा मी केला होता आणि समितीने मंजूर केला होता. तू त्या बैठकीला नव्हतास.

नीलिमा:
मी करंज्याच्या कोळ्यांची आहे, तेव्हा मला बोलू द्या. सचिन, 'माणसं राहत नाहीत म्हणजे खोटं' असं नाही. पोरांना शाळा आणि वादळात डोक्यावर पक्कं छप्पर हवं असतं. सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळात त्या भागातले किती तराफे मोडले ते बघितलंत ना? पण माझे वडील बोटीवर झोपायचे तेव्हाच त्यांना झोप लागायची, तेही खरं. मी तिथे कोणाच्या घरात डोकावायला जाणार नाही, एवढंच सांगते. चहाला मत नाही.

एक कामाचं मात्र कोणी विचारलेलं नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते. तिकडे टोंकिनच्या आखातात साधारण एकदाच, आणि उधाणाला पाणी तीन-साडेतीन मीटर चढतं-उतरतं. सकाळी ओहोटी असेल तर दुपारी पाणी येईल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. छोट्या होडीतून तराफ्यावर चढताना आणि जेट्टीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर सुलभामावशींच्या गुडघ्यांचं काय? मेधाताई, बोटवाल्याला त्या दिवशीची वेळ विचारा, मग अ-ब करू.

वसंतराव:
अ असो की ब, जेवणाचं कोणी बोलतच नाही. तिकडे भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात. मागच्या वेळी हनोईत मी चहाच्या आशेने 'चाय, चाय' म्हणत बसलो आणि बाईंनी टोफू आणून ठेवला. त्यांच्यात 'चाय' म्हणजे शाकाहारी! तेव्हा शाकाहारींनी हा शब्द पाठ करावा. मी लाडू-चिवडा आणतोय, थर्माकोलच्या प्लेटा आहेतच.

सचिन:
वसंतकाका, थर्माकोल नको. २०१९ पासून हालाँगच्या बोटींवर एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक बंद आहे. स्टीलचे डबे आणा.

वसंतराव:
चाळीस डबे धुणार कोण?

सुलभामावशी:
माझ्या गुडघ्यांची चर्चा लिस्टवर केल्याबद्दल आभारी आहे. मी वरच्या डेकवर बसून डोंगर बघेन. पाण्यातून नुसते चुनखडीचे सुळके वर आलेत, त्यासाठीच तर चाललेय. पण लाइफजॅकेट मापाचं हवं. २०२५ च्या जुलैत तिथेच अचानक वादळ येऊन पर्यटकांची बोट उलटली, तीसच्या वर माणसं गेली. ते आधी विचारा, लाडू नंतर.

मेधा:
विचारलं. लाइफजॅकेटं माणशी एक, लहान मापाचीही आहेत; छोट्या होडीत घातल्याशिवाय बसू देत नाहीत. हवा बिघडली तर बंदरातूनच सोडत नाहीत, तेव्हा पैशांवरून माझ्याशी भांडायचं नाही. त्या दिवशी ओहोटी भल्या पहाटे आहे, नऊनंतर पाणी चढतं. म्हणून ब, निघायचं साडेनऊला. ज्यांना उतरायचं नाही ते बोटीवर. पत्रिकेत 'काय बेओ' ची दुरुस्ती प्रकाशकाका करतील. काका, फोन करते. थर्माकोल नाही.

प्रकाशकाका:
करतो. पण 'काय बेओ' असं छापलं तर लोक छपाईची चूक समजतील. तितोव्ह?

अमित:
उशिरा विचारतोय, सॉरी. आमच्या घरी बायकोचा पासपोर्ट सिंगापूरचा, तिला व्हिसा लागत नाही. माझा भारतीय. ई-व्हिसाच्या अर्जात वडिलांचं नाव मधे घालायचं का? पासपोर्टवर आहे, विमानाच्या तिकिटावर नाही.

मेधा:
पासपोर्टवर आहे तस्संच. आणि तिकीट कोणी काढलं होतं तुझं?