जिंगू स्टेडियम, रात्रीचा सामना: आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा सोबत. तिकीट, खाणं, पाऊस, परतीची ट्रेन?

निशीकासाईकर

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून तोक्योला आले आहेत. जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ६ चा याकुल्त स्वॅलोज विरुद्ध हानशिन टायगर्स सामना मेइजी जिंगूला बघायचा विचार आहे. आम्ही चौघं: मी, आई-बाबा (दोघंही सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. बाबा आयुष्यभर क्रिकेट बघत आले आहेत, बेसबॉलचा गंध नाही. मुलाला याकुल्तच्या चाहत्यांचा छत्र्यांचा नाच बघायचाच आहे. आई मांस, मासे, अंडी काही खात नाही.

१. कुठल्या बाजूची तिकिटं घ्यावीत?
२. आईच्या खाण्याचं काय?
३. पाऊस आला तर तिकिटाचे पैसे जातात का?
४. बाबांना खेळ थोडक्यात कसा समजावून सांगू?
५. सामना संपल्यावर निशी-कासाईला कसं परतावं?

---

तिसरा_बेस

सगळ्यात आधी जागा ठरवा, बाकीचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. जपानमध्ये तिकीट काढताना तुम्ही नुसती खुर्ची निवडत नाही, बाजूही निवडता. जिंगूत पहिल्या बेसची (फलंदाज धावत जातो त्या पहिल्या थांब्याची) बाजू आणि उजवं आउटफिल्ड (मैदानाचा दूरचा भाग) याकुल्तचं, तिसऱ्या बेसची बाजू आणि डावं आउटफिल्ड पाहुण्या संघाचं. आउटफिल्डच्या समर्थक स्टँडमध्ये दुसऱ्या संघाची जर्सी घालून बसता येत नाही, कर्मचारी येऊन ती काढायला सांगतात. मुलाने हानशिनची पिवळी टोपी घेतली असेल तर त्या दिवशी घरी ठेवा.

उजव्या आउटफिल्डची तिकिटं स्वस्त असतात आणि खरा दंगा तिथेच असतो. पण आपला संघ बॅटिंग करत असताना तिथे सगळे उभे असतात, म्हणजे निम्मा सामना उभ्याने. बसून राहिलात तर समोरच्यांच्या पाठीच दिसतात. तुमच्या आईंसाठी ती जागा नाही.

पहिल्या बेसच्या बाजूचं इनफिल्ड (मैदानाचा फलंदाजाजवळचा भाग) घ्या, खालचा मजला. वरच्या मजल्यावरून खेळाची मांडणी छान कळते, पण पायऱ्या उभ्या आहेत. खुर्च्या अरुंद आहेत आणि गुडघ्यांपुढे जागा फार कमी, म्हणून आईंना वाटेच्या कडेची खुर्ची मिळेल असं बघा. छत्र्या उजव्या आउटफिल्डमध्ये सर्वांत दाट उघडतात आणि इनफिल्डमधून तो सगळा स्टँड समोर दिसतो. आत बसून नाचण्यापेक्षा लहान मुलाला हे दृश्य जास्त आवडतं.

पहिल्या बेसपासून थोडं आउटफिल्डकडे सरकून बसलात तर आणखी एक गोष्ट मिळते. इथे बुलपेन (बदली पिचरची, म्हणजे गोलंदाजाची, सरावाची जागा) कुंपणामागे लपलेला नाही. तो मैदानावरच, फाउल रेषेच्या (खेळाची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या) बाहेर आहे. सहाव्या-सातव्या इनिंगला (दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात तो डाव) बदली पिचर अंग मोकळं करायला लागला की चेंडू कॅचरच्या (यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘पॅक’ असा आवाज थेट कानावर येतो. आधी सावकाश, मग प्रत्येक चेंडूगणिक जोर वाढत जातो. वेग म्हणजे काय हे टीव्हीवर कळत नाही, इथे कळतं. मात्र या भागात फाउल चेंडू जोरात येतात. चेंडू स्टँडकडे वळला की कर्मचारी शिट्टी वाजवतात. शिट्टी ऐकली की मोबाइल सोडून वर बघायचं, चेंडू दिसला नाही तर मुलाचं डोकं झाकायचं. उघड्या हाताने झेल घ्यायला जाऊ नका, बोटं मोडतात.

हानशिनचा सामना असल्यामुळे तिकिटं लवकर संपतात. त्यांचे चाहते तोक्योतही प्रचंड आहेत. याकुल्तच्या तिकिटांचे दर मागणीनुसार बदलतात, त्यामुळे शुक्रवारचा हानशिन सामना मंगळवारच्या एखाद्या सामन्यापेक्षा महाग पडणारच. विक्री सुरू झाली की लगेच घ्या. बाहेर कोणी चढ्या भावाने विकत असेल तर घेऊ नका, २०१९ पासून तो कायद्याने गुन्हा आहे.

---

डब्बा_घेऊन_या

ताईदादा, खाण्याचं सांगते. स्टेडियममध्ये बाहेरचं खाणं नेता येतं, त्यामुळे आईंचा डबा घरूनच न्या. आतल्या दुकानांच्या भरवशावर शुद्ध शाकाहारी माणसाला नेऊ नका. करीत गोमांस किंवा डुकराचं मांस असतं, नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो आणि फ्राइज बहुतेक वेळा चिकन तळलेल्या तेलातच तळतात. सालीसकट उकडलेले एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) एवढंच त्यातल्या त्यात बरं, तेही नुसतं मीठ लावलेलं आहे ना ते विचारून घ्यायचं.

कोनबिनीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून) ओनिगिरी (भाताचा गोळा) घेणार असाल तर उमेबोशीचं, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचं, घेतानाही लेबल वाचा. त्यात कात्सुओ माशाचा अर्क बऱ्याचदा असतो. ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे सक्तीने लिहावं लागतं, पण कात्सुओ त्या सक्तीच्या यादीत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने घटकांची पूर्ण ओळ भाषांतरित करून बघा.

मांडीवर ठेवून एका हाताने खाता येईल असंच न्या. पोळीचा भाजी भरलेला रोल किंवा मेथीचे ठेपले, फॉइलमध्ये एकेक वेगळे गुंडाळून. रस्सा, आमटी, दही नको, पुढच्या रांगेतल्या माणसाची पाठ आणि तुमचा गुडघा यांत वीतभरच अंतर असतं. काचेच्या बाटल्या आणि कॅन आत चालत नाहीत. गेटवर कर्मचारी ते कागदी पेल्यात ओतून देतात, मग तो पेला सांभाळत जिना चढावा लागतो. त्यापेक्षा पाणी लहान प्लास्टिकच्या बाटलीत न्या. जुलैत रात्रीही दमट उकाडा असतो, माणशी दोन बाटल्या धरा, शिवाय ओला करून मानेवर ठेवायला एक छोटा टॉवेल.

बाबांना बिअर हवी असेल तर उठून जायची गरज नाही. पाठीवर पिंप घेतलेल्या मुली पायऱ्यांवरून सतत फिरत असतात. सगळं मिळून १५ किलोच्या घरात वजन असतं आणि ते घेऊन त्या तीन तास जिने चढतात-उतरतात. हात वर केला की त्या वाटेतच गुडघा टेकून पेला भरून देतात. गणवेशाच्या रंगावरून कंपनी ओळखायची. वाटेच्या कडेला बसलेल्याने पैसे आणि पेला पुढे-मागे पोचवायचे, ही इथली रीतच आहे. कार्ड-ॲपसोबत १००० येनच्या थोड्या नोटा जवळ असू द्या.

---

ओली_टर्फ

पावसाबद्दल. जिंगूला छप्पर नाही, पण मैदान कृत्रिम गवताचं आहे, त्यामुळे रिमझिमीत खेळ चालूच राहतो. विजा किंवा मुसळधार आली तरच थांबतात.

पैशांचा हिशोब पाच इनिंगचा. सुरू व्हायच्या आधी सामना रद्द झाला तर पैसे परत. सुरू होऊन पाच इनिंग पूर्ण व्हायच्या आधी रद्द झाला तर ‘नो गेम’, तरीही पैसे परत. पाच पूर्ण झाल्या (किंवा यजमान पुढे असताना साडेचार) आणि मग थांबला तर तो सामना अधिकृत धरतात आणि परतावा नाही. तिकीट पुढच्या तारखेला आपोआप चालत नाही, पैसेच परत घ्यावे लागतात आणि त्याला मुदत असते. कोनबिनीतून कागदी तिकीट घेतलं असेल तर ते ओलं होऊ देऊ नका, फाडू नका, परताव्यासाठी तेच लागतं.

आता महत्त्वाचं: पावसात छत्री उघडायची नाही. मागच्याला दिसत नाही म्हणून स्टँडमध्ये मोठ्या छत्रीला मनाई असते. १०० येनच्या दुकानातले रेनकोट घ्या, चार माणसांना चार, आणि बॅग झाकायला एक मोठी प्लास्टिकची पिशवी. बॅग खुर्चीखाली ठेवतात आणि पाणी वरच्या पायरीवरून खाली वाहत येतं, त्यामुळे पिशवी नसेल तर ती तळापासून भिजते.

नाचाची छोटी प्लास्टिकची छत्री वेगळी, ती मैदानाजवळच्या संघाच्या दुकानात मिळते. याकुल्तची धाव झाली की आणि सातव्या इनिंगला ‘तोक्यो ओंदो’ वाजतं, तेवढ्यापुरतीच उघडायची. दांडा उभा धरून ठेक्यावर वर-खाली करायची. मुलं ती गोल फिरवतात आणि काड्या शेजारच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतात, हे आधीच सांगून ठेवा. गाणं संपलं की लगेच बंद.

ही प्रथा मासायासू ओकादा यांच्यामुळे रुजली. ते याकुल्तच्या समर्थक गटाचे प्रमुख होते, फ्राइंग पॅन बडवून ताल धरायचे. त्या काळी याकुल्तला प्रेक्षक कमी यायचे. छत्र्या उघडल्या की थोडी माणसंही जास्त दिसतात, म्हणून त्यांनी घरची छत्री घेऊन यायला सांगितलं. २००२ मध्ये ते गेले, छत्र्या राहिल्या.

---

निशीकासाईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या बेसच्या बाजूचं इनफिल्ड पक्कं. बाबांना खेळ कसा समजावू ते कोणी सांगेल का? आणि मुलाची झोपेची वेळ बघता किती वाजेपर्यंत चालेल?

---

बीएसओ

स्कोअरबोर्डच्या फळ्यापासून सुरुवात करा. तीन ओळींत दिवे असतात. हिरवे बी म्हणजे बॉल, पिवळे एस म्हणजे स्ट्राइक, लाल ओ म्हणजे आउट. चौथ्या बॉलला फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो, तिसऱ्या स्ट्राइकला आउट, तिसऱ्या आउटला बाजू बदलते. म्हणून हिरवे दिवे तीनच आणि पिवळे-लाल दोन-दोनच. बाबांनी फक्त हे दिवे वाचले तरी पहिल्या दोन इनिंगमध्ये गाडी रुळावर येते.

नावं जपानी लिपीत असतील, पण शेजारचा आकडा वाचता येतो. तो क्षेत्ररक्षणाची जागा सांगतो: १ पिचर, २ कॅचर, ३, ४, ५ म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), ७, ८, ९ म्हणजे डावं, मधलं, उजवं आउटफिल्ड. चेंडू मारल्यावर एच लागला तर हिट, ई लागला तर क्षेत्ररक्षकाची चूक. पिचरचा वेग ताशी किलोमीटरमध्ये दिसतो, तो क्रिकेटवाल्याला लगेच कळतो.

क्रिकेट बघणारे तीन ठिकाणी अडकतात. एक, मैदानाच्या ९० अंशांच्या बाहेर गेलेला फटका फाउल, त्यावर धाव नाही, पण तो झेलला तर फलंदाज आउट. दोन, चेंडू आत पडला तर पळावंच लागतं, ‘नको, थांब’ म्हणता येत नाही. तीन, उंच झेल उडाला की बेसवरचा धावपटू लगेच पळत नाही. झेल पकडला गेला तर त्याला आपल्या बेसला पाय लावूनच पुढे निघता येतं. आउटफिल्डमध्ये खोल झेल, तिसऱ्या बेसवरचा धावपटू वाट बघतोय, झेल हातात पडताच तो सुटतो आणि चेंडूही घराकडे (फलंदाज उभा असतो त्या शेवटच्या बेसकडे) सुटतो. बाबांना हा एक प्रसंग आधी समजावून ठेवा, कारण प्रत्यक्षात सगळं चार-पाच सेकंदांत उरकतं.

अजून एक: याकुल्त-हानशिन ज्यात खेळतात त्या सेंट्रल लीगमध्ये २०२६ च्या हंगामापर्यंत पिचरलाही बॅटिंग करावी लागते, २०२७ पासून त्याच्याऐवजी वेगळा फलंदाज येणार आहे. पिचर आला आणि बेसवर कोणी असेल तर बंटची वाट बघा. तो बॅट आडवी धरून चेंडू मुद्दाम जमिनीवर मऊ टाकतो. स्वतः आउट होतो, पण धावपटू एक बेस पुढे जातो.

वेळ: नऊ इनिंगला तीन तासांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे सव्वानऊच्या आसपास. बरोबरी झाली तर १२ इनिंगपर्यंत खेळतात आणि तरीही बरोबरी राहिली तर सामना अनिर्णित. आजूबाजूला वस्ती असल्यामुळे १० वाजता कर्णे आणि ढोल बंद होतात, मग फक्त टाळ्या आणि घसे. मुलासाठी दोन थांबे ठरवा. जुलै-ऑगस्टच्या काही सामन्यांना पाचव्या इनिंगनंतर सुमारे ३०० फटाके उडतात (तुमच्या तारखेला आहेत का ते वेळापत्रकात बघा) आणि सातव्या इनिंगला छत्र्या. त्यानंतर झोप आली तर निघायला हरकत नाही.

ओरडण्याचा शिष्टाचार: आपला संघ बॅटिंग करत असतानाच गाणं आणि वाजवायचे ठोकळे. प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं असतं, कर्ण्यांच्या मागून जायचं. समोरचा संघ बॅटिंगला आला की खाली बसून घ्यायचं, तेव्हा आवाज त्यांचा. हानशिन असल्यामुळे तो आवाज फार मोठा असेल, मुलाला त्याची कल्पना द्या.

---

गिंझा_लाईन

जाताना सोपं आहे: निशी-कासाईहून तोझाई लाईनने निहोम्बाशी, तिथे गिंझा लाईन, उतरायचं गाइएनमाएला. सोबत ज्येष्ठ असतील तर साडेपाचच्या आत पोचा. सव्वापाचनंतर ऑफिसची गर्दी आणि सामन्याची गर्दी एकाच जिन्यावर येते.

परतताना गाइएनमाए टाळा. शेवटच्या आउटनंतर सगळा लोंढा तिकडेच वळतो आणि स्टेशनच्या तोंडाशीच रांग लागते. त्याऐवजी शिनानोमाचीला चालत जा, जेआरच्या पिवळ्या पट्ट्याची चुओ-सोबू लोकल घ्या, इइदाबाशीला उतरून तोझाई लाईन. इइदाबाशीला बदलायला बरंच चालावं लागतं, लिफ्टच्या खुणा बघत जा. जेआर आणि मेट्रो या वेगळ्या कंपन्या आहेत, त्यामुळे भाडं थोडं जास्त पडेल. आयसी कार्डांत (प्रवासाच्या प्रीपेड कार्डांत) पैसे जातानाच भरून ठेवा, रात्री यंत्रांपुढेही रांगा असतात.

तोझाईची रॅपिड आली तर चढू नका. ती तोयोचोनंतर थेट उरायासूला थांबते, निशी-कासाई मागे राहतं. लोकलच घ्या.