चूक कबूल करणाऱ्या विमान मेकॅनिकला शिक्षा व्हावी का?

होटगीरोडकर:
२०२५ मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर विमानाचेच विषय. परवा एक काका म्हणाले, दुरुस्तीत चुकला की मेकॅनिक थेट आत पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही. स्वतःहून चूक सांगणाऱ्याची नोकरी जाता कामा नये.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निखळली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. आतल्या लोकांनी त्याला धरून ठेवलं म्हणून वाचला. काच बसवून जेमतेम २७ तास झाले होते. ९० पैकी ८४ बोल्ट कमी जाडीचे, आणि फरक पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. रात्रपाळीत, कमी उजेडात, एकट्या माणसाने जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने जोड लावली होती. अशा वेळी डोळा फसणारच.

सातरस्ता:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. स्टोअरवाल्याने त्याला बरोबर बोल्ट कोणता ते सांगितलं होतं. तरी त्याने पार्ट्सचा कॅटलॉग उघडला नाही. याला डोळा फसणं म्हणत नाहीत ओ, याला बेफिकिरी म्हणतात. वर बसलेल्यांना उतरायची सोय नसते.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड:
माझ्याकडच्या पोराने एका ट्रकचं ऑइल बदललं आणि ड्रेन प्लगचा वॉशर घालायचा विसरला. ड्रायव्हरने मोहोळजवळून फोन केला, ऑइल सगळं रस्त्यावर. पोराने खिशात हात घातला, वॉशर तिथंच. रडायलाच लागला. ५ मे १९८३ ला अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानात अगदी हेच झालं होतं. मायामीहून नासाऊला जाताना तिन्ही इंजिनांतलं ऑइल गळलं, कारण तिन्हीकडे ओ-रिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, बसवलेलीच नव्हती. एक इंजिन परत चालू झालं म्हणून १७२ जण जिवंत उतरले. आता जुना वॉशर तारेत ओवून जॉब कार्डाला लटकवल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

सातरस्ता:
ट्रक बाजूला घेता येतो. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या विमानातले ५२० जण गेले. १९७८ मध्ये शेपटी घासली, तेव्हाच्या दुरुस्तीत जोडपट्टी दोन तुकड्यांत बसवली, त्यामुळे रिव्हेटच्या एकाच ओळीवर भार आला. त्या घरच्यांना काय सांगणार, माणूस चुकतो म्हणून?

होटगीरोडकर:
माझा मुद्दा तोच आहे. ती पट्टी सात वर्षं कुणाच्या नजरेत आली नाही. ती कशी बसवली हे काम करणाऱ्यालाच ठाऊक. त्याला तुरुंगाची भीती घातली तर तो कधी तोंड उघडेल? शिक्षाच करायची तर वरच्यांना करा. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं विमान समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या लांब स्क्रूला, म्हणजे जॅकस्क्रूला, ग्रीसच नव्हतं, आणि ग्रीसिंगची मुदत कंपनीनेच लांबवत नेली होती.

सातरस्ता:
अलास्काचं मान्य. बाकी, विमान उडायच्या आधी सांगितलं तर माफी, नंतर सांगितलं तर नाही. याच्यापुढे मी येणार नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड:
आमच्या पोराने नंतरच सांगितलं, फोन आल्यावर. मी त्याला काढलं नाही. आजही ड्रेन प्लग तोच लावतो.