पीएचडी: ऊसतोड बायकांचा फॉलोअप अर्ध्यात तुटला, काय करू? (सांगली)

नमस्कार मंडळी, मी इथं मिरजेजवळ नर्सिंगला शिकवते आणि 2020 पासून पीएचडीला अडकलेय. सहावं वर्ष चालू आहे. पहिली दोन वर्षं सगळे विचारायचे कधी संपणार, आता घरात कोणी विचारत पण नाही, ते जास्त लागतं.

विषय ऊसतोडीला आलेल्या गरोदर बायकांचा ॲनिमिया. दिवाळीच्या आसपास बीडकडच्या टोळ्या आल्या की कोपीवर (पाचटाच्या झोपडीवर) जाऊन एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, बघायचं, 11 च्या खाली असेल तर आशाताईंकडून गोळ्या चालू आहेत का ते बघायचं, नीट समजावून सांगायचं आणि 3 महिन्यांनी परत एचबी, असं साधं डिझाईन. कागदावर साधं. 156 जणी घेतल्या आणि त्या वर्षी कारखान्याचा पट्टा माझ्या अंदाजाच्या आधीच पडला (म्हणजे गाळप संपलं), मी कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षेत अडकलेली, जाऊन बघते तर कोप्यांच्या जागी नुसतं पाचट आणि चुलीचे दगड. 61 जणी परतीच्या एचबीआधीच निघून गेल्या. फोन नंबर म्हणून लिहून घेतलेले त्यातले निम्मे मुकादमाचेच निघाले (हे मला आधी कळायला हवं होतं, मान्य आहे).

एक मात्र सांगते, तासगावच्या बाजूला एका बाईच्या कोपीत गोळ्यांच्या तीन भरलेल्या स्ट्रिपा छपराच्या पाचटात खोचून ठेवलेल्या होत्या, म्हटलं का गं खात नाहीस, तर म्हणाली, "पोट ढवळतंय ताई, फडात कुठं बसू?" गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, 180 दिवस खायची, हे मी दरवर्षी पोरींना पाठ करून घेते, पण फडात आडोसा नसतो हे कुठल्या चॅप्टरमध्ये नाही.

आता गाईड सर म्हणतात अजून एक सीझन कर, 61 भरून काढ. स्टॅटिस्टिक्सवाले म्हणतात उरलेल्या 95 वर लिही आणि मोकळी हो. मला दोन्ही पटत नाही आणि मुदत पण संपतेय. कोणी यातून गेलंय का? बायकांना मुदतवाढ मिळते ती कशी मागायची?

प्रतिसाद 1
नव्या सीझनच्या बायका जुन्यांच्या जागी घालू नका, ते ठिगळ व्हायवाला पहिल्या पाच मिनिटात दिसतं. आणि खरंच नवीन सीझन घेणार असाल तर आधी एथिक्स कमिटीकडे बदल मंजूर करून घ्या. माझं मत, 156 चा आणि 61 चा हिशोब सरळ छापा, कुठल्या महिन्यात किती गेल्या तो तक्ता द्या. गेलेल्या आणि राहिलेल्यांचं पहिल्या भेटीचं एचबी, वय, कितवं बाळंतपण हे शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही गट सारखे निघाले तर 95 वर लिहायला हरकत नाही, नसतील तर नुसत्या 95 वर निष्कर्ष काढणं चूक. आणि त्या स्ट्रिपांवर वेगळं प्रकरण लिहा ताई, प्लीज.

प्रतिसाद 2
मुदतीचं सांगतो. तुमची नोंदणी 2020 ची म्हणजे युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2016 ची नियमावली बघा, 2022 ची नाही. त्यात कमाल 6 वर्षं आणि महिलांना 2 वर्षांची सवलत आहे, पण ती आपोआप मिळत नाही हो, विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो आणि तोही मुदत संपायच्या आत. गाईडची सही, प्रगती अहवाल जोडा. बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची 240 दिवसांपर्यंतची रजा पण त्यात आहे, घेतली नसेल तर विचारा. जी पोच मिळेल ती जपून ठेवा, आमच्या एकीचा अर्ज दोनदा हरवला.

धागाकर्ती
दोघांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर एक्सेल उघडून बसले. गेलेल्यांमध्ये एचबी 10 च्या खाली असलेल्या बायका जास्त दिसतायत, राहिलेल्यांमध्ये कमी. म्हणजे माझ्या 95 मधली जी सुधारणा दिसत होती ती... असो. प्रिंट काढलीय, सकाळी सरांकडे नेते, अर्ज पण सोबतच.